सॉफ्टवेअर सगळ्या जगाचं, मग संस्था कोणत्या देशाची?

मार्च २०२० मध्ये एका तंत्रज्ञान संस्थेनं अमेरिकेतला गाशा गुंडाळला आणि स्वित्झर्लंडमध्ये नाव नोंदवलं. रिस्क-फाइव्ह हे तिचं नाव. प्रोसेसरला कोणत्या आज्ञा समजाव्यात याचं एक खुलं, कोणालाही फुकट वापरता येणारं मानक ती सांभाळते. तिच्यावर कोणी बंदी घातली नव्हती. अमेरिका आणि चीन यांच्या भांडणात उद्या आपण सापडू, ही सभासदांची धास्ती मात्र होती आणि तेवढ्यावर तिनं घर बदललं. त्याच वर्षी मे महिन्यात एक्लिप्स फाउंडेशन या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेनंही अमेरिकेतून ब्रुसेल्सला जात असल्याचं जाहीर केलं. २०२४ मध्ये मॅस्टोडॉन या समाजमाध्यमामागच्या जर्मन संस्थेचा धर्मादाय दर्जा तिथल्या कर खात्यानं काढून घेतला, आणि तिनं अमेरिकेत दुसरी संस्था काढली.

म्हणजे दोघी अमेरिकेतून बाहेर पडताहेत आणि तिसरी तिथे दार ठोठावतेय. बाहेरून बघणाऱ्याला यात संगती दिसत नाही. मुळात प्रोग्रॅम इंटरनेटवर, तो लिहिणारे वीस-तीस देशांत विखुरलेले, वापरणारे तर मोजताच येत नाहीत. अशा कामाला देश लागतोच कशाला?

कामाला देश लागत नाही हे खरं. तो लागतो कामाच्या पैशाला आणि नावाला.

संस्था नसली तर काय बिघडतं?

बरेच दिवस काहीच बिघडत नाही. चार मित्र मिळून प्रोग्रॅम लिहितात, ओपन सोर्स परवान्याखाली लोकांना देतात. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो असं सॉफ्टवेअर. इथवर कागदाचा कपटाही लागत नाही.

अडचण सुरू होते ती कोणीतरी कौतुकानं पैसे देऊ केले की. ते कुणाच्या खात्यात घ्यायचे? चौघांपैकी एकाच्या खात्यात घेतले, तर कर खात्याच्या नजरेत ते त्याचं उत्पन्न ठरू शकतं. वेबसाइटचा पत्ता दुसऱ्याच्या नावावर असतो आणि त्याचं नेमकं भांडण होतं. तिसऱ्यानं प्रोग्रॅमच्या नावाचा ट्रेडमार्क घेतलेला असतो. तो वारला की हक्क वारसांकडे जातो, आणि वारसांना हे कशाचं नाव तेही माहीत नसतं. उद्या कोणी नुकसानभरपाईचा दावा लावला, तर अनेक देशांत नोंदणी नसलेल्या गटातल्या माणसांना व्यक्तिशः उत्तर द्यावं लागतं.

यावर कायद्यानं काढलेला जुना तोडगा म्हणजे कागदावरची व्यक्ती. तिला खातं उघडता येतं, करार करता येतो, कोर्टात उभं राहता येतं आणि माणसं बदलली तरी ती टिकते. ती ना-नफा असेल, तर आलेला पैसा मालकांत वाटायचा नाही, कामातच घालायचा, असं तिला बांधून घातलेलं असतं. शिल्लक उरायला बंदी नाही. बंदी वाटपाला आहे.

पण अशी व्यक्ती जन्माला घालायचा अधिकार फक्त कुठल्या तरी राज्यसत्तेकडे आहे. सगळ्या जगाची म्हणून संस्था नोंदवता येईल असं कार्यालय नाही.

झेंडा कोणाचा?

मला यासाठी जहाजाचं उदाहरण सोयीचं वाटतं. जहाज कुठल्याही समुद्रात फिरो, खलाशी कुठलेही असोत, त्याच्यावर एका देशाचा झेंडा असतो. जहाजावर चालतो तो त्या देशाचा कायदा. त्याच वेळी, ते ज्या बंदरात लागेल तिथले नियमही त्याला पाळावेच लागतात. संस्थेची नोंदणी म्हणजे हा झेंडा.

तो निवडताना बहुतेक जण विचारतात, तिथे कर किती, कागदपत्रं किती, खर्च किती. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न असा, की उद्या आपल्याला ‘नाही’ म्हणायचा अधिकार आपण कोणाच्या हातात देतोय? कोणतं कोर्ट, कोणता कर अधिकारी, कोणती निर्बंधांची यादी?

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ‘डॉट ऑर्ग’ या पत्त्यांचं आहे. जगभरच्या सेवाभावी संस्था वापरतात त्या या पत्त्यांची व्यवस्था पाहणारी संस्था स्वतः ना-नफा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात नोंदलेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिच्या मातृसंस्थेनं, म्हणजे इंटरनेट सोसायटीनं, ती एका खासगी गुंतवणूक कंपनीला ११३.५ कोटी डॉलरला विकायचं ठरवलं. जगभर आरडाओरडा झाला. पण आरडाओरड्यानं व्यवहार थांबत नाहीत. त्याला इंटरनेटवरच्या पत्त्यांची सूत्रं सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेची संमती लागणार होती, आणि आयकॅन ही कॅलिफोर्नियात नोंदलेली ना-नफा संस्था. तिथे अशा संस्थांवर लक्ष ठेवायचं काम राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे, म्हणजे मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे असतं. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी आयकॅनला पत्र लिहून ही विक्री नाकारा असं बजावलं. महिनाअखेरीस आयकॅननं संमती नाकारली आणि सौदा बारगळला.

आयकॅनची नोंदणी दुसऱ्या एखाद्या राज्यात असती, तर ते पत्र लिहायला कोण होतं? अमेरिकेत संस्था नोंदवतात त्या देशाकडे नाही, राज्याकडे, हेही यात आलंच. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयची मूळ ना-नफा संस्था २०१५ मध्ये डेलावेअरमध्ये नोंदली गेली, पण तिचं काम चालतं कॅलिफोर्नियातून. म्हणूनच २०२५ मध्ये तिची रचना बदलताना डेलावेअर आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांच्या अॅटर्नी जनरलशी बोलणी करावी लागली.

असा पहारेकरी काहींना लोढणं वाटतो. पण पुढचे विश्वस्त मोहात पडले तर त्यांना अडवणारं कोणी असावं असं वाटत असेल, तर पहारा कडक असलेलाच देश बरा.

नोंदणी झाली म्हणजे करसवलत मिळाली का?

नाही. सगळ्यात जास्त संस्था इथेच ठेचकाळतात. नोंदणीचं दार वेगळं आणि करसवलतीचं दार वेगळं. पहिलं बहुतेक देशांत सहज उघडतं. दुसऱ्यामागे बसलेला कर अधिकारी विचारतो, तुमच्या कामानं समाजाचं भलं होतं ते कसं?

धर्मादाय म्हणजे काय, याची कायद्यातली कल्पना फार जुनी आहे. इंग्लंडचा १६०१ चा कायदा अजूनही इंग्रजी परंपरेच्या देशांत आठवला जातो. त्यात गरिबांना मदत, शाळा, आणि हो, पूल, बंदरं आणि रस्त्यांची दुरुस्तीसुद्धा आहे. सॉफ्टवेअरवाल्यांचं म्हणणं असं, की आमचं काम आजचे पूल आणि रस्ते बांधायचंच आहे. कर अधिकाऱ्याला ते पटेलच असं नाही.

अमेरिकेत योरबा नावाच्या संस्थेनं लिनक्ससाठी, म्हणजे संगणक चालवणाऱ्या एका खुल्या प्रणालीसाठी, फोटो आणि ईमेलचे प्रोग्रॅम लिहिले. तिनं २००९ च्या अखेरीस सवलतीसाठी अर्ज केला. नकार आला मे २०१४ मध्ये. साडेचार वर्षांनी! कारणांत एक असं होतं, की हे सॉफ्टवेअर कोणीही, कोणत्याही कामासाठी वापरू शकतं. ओपन सोर्सवाल्यांना जो गुण वाटतो, तोच कर खात्याला दोष वाटला. मात्र यावरून अमेरिका वाईट असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल, कारण अपाची आणि पायथन या दोन्ही ओपन सोर्स प्रकल्पांमागच्या संस्थांना तिथेच हा दर्जा आहे. फरक बराचसा अर्जात आपण काम कसं मांडतो यात पडतो. नुसतं ‘आम्ही प्रोग्रॅम लिहितो’ असं लिहिण्यापेक्षा शिक्षण, संशोधन, अपंगांसाठी सोय, अशा कायद्याला ओळखीच्या शब्दांत काम सांगता आलं, तर दार उघडायची शक्यता वाढते.

जर्मनीत कायद्यात सार्वजनिक हिताच्या कामांची यादीच दिलेली आहे आणि तिच्यात सॉफ्टवेअर असा शब्द नाही. तरीही ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवणारी केडीई ही संस्था १९९७ पासून तिथे सुखानं नांदते आहे. मॅस्टोडॉनचा दर्जा मात्र गेला. एकाच देशात हे दोन अनुभव.

देणाऱ्याच्या खिशाचं काय?

करसवलत दोन प्रकारची असते. एक संस्थेला, तिच्या उत्पन्नावर. दुसरी देणगी देणाऱ्याला, त्याच्या स्वतःच्या करात. ही दुसरी सवलत साधारणपणे सरहद्दीपाशी संपते. अमेरिकन माणसानं जर्मन संस्थेला थेट पैसे दिले, तर त्याला आपल्या करात त्याची वजावट सहसा मिळत नाही. उलट दिशेनंही तेच.

युरोपीय संघात कोर्टानं हे थोडं सैल केलं आहे. जानेवारी २००९ च्या पर्शे खटल्यात युरोपीय न्यायालयानं सांगितलं, की देणगी दुसऱ्या सदस्य देशातल्या संस्थेला दिली एवढ्यावरून सवलत नाकारता येणार नाही. ती संस्था आपल्याकडच्या अटींत बसते हे दाखवायची संधी द्यावी लागेल. हे ऐकायला छान आहे. पण ते दाखवायचं देणाऱ्यानं, परक्या भाषेतल्या कागदपत्रांनिशी. पन्नास युरो देणारा माणूस त्या भानगडीत पडत नाही.

म्हणून मोठे देणगीदार कुठे आहेत, हे आधी बघावं. ते विखुरलेले असतील तर काही संस्था दोन ठिकाणी घर करतात. लिनक्स फाउंडेशननं २०२२ मध्ये ब्रुसेल्समध्ये युरोपीय शाखा काढली ती अशी. अर्थात दोन घरं म्हणजे दोन हिशेब, दोन लेखापरीक्षणं आणि दोन्हीकडे वेळेत कागद भरणारी माणसं.

पैसे आत येण्यावरच बंधन घालणारे कायदेही आहेत. भारतात परदेशी देणगी घ्यायची तर २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात, त्यातले २० टक्क्यांपेक्षा जास्त प्रशासनावर खर्च करता येत नाहीत आणि ते दुसऱ्या संस्थेला पुढे देताही येत नाहीत. जगभरातून छोट्या छोट्या देणग्या गोळा करून त्या इतर प्रकल्पांना वाटायच्या, असा बेत असलेल्या संस्थेला इथे पहिल्याच पावलाला अडायला होतं.

निर्बंधांची यादी

ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची देखभाल करणाऱ्यांच्या यादीतून सुमारे डझनभर रशियन नावं एका छोट्याशा बदलात काढली गेली. कारण दिलं गेलं ते कायद्याच्या पूर्ततेचं. कोड खुला, परवाना खुला. पण त्यामागची संस्था अमेरिकेतली आणि प्रमुखही तिथेच राहणारे. अमेरिकेनं ज्यांच्याशी व्यवहार करू नका म्हटलं, त्यांच्याशी त्यांना तो करता येत नाही.

मग रिस्क-फाइव्हसारखं स्वित्झर्लंडला गेलं की सुटलो? अर्धेच. स्वित्झर्लंडनं २०२२ मध्ये रशियावरचे युरोपीय संघाचे निर्बंध स्वतःही लागू केले. शिवाय संस्थेचा झेंडा स्विस झाला, तरी तिच्यातल्या अमेरिकन नागरिकांवरचा अमेरिकन कायदा सुटत नाही. देश बदलून निर्बंध टळतात असं नाही. एका देशाच्या लहरीवर सगळं अवलंबून राहत नाही, इतकाच लाभ. काही संस्थांना तेवढाही मोलाचा वाटतो, आणि ते मला पटतं.

पेटंट, आणि एक विसरलेला हक्क

व्हीएलसी हा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्रॅम बहुतेकांच्या संगणकावर कधी ना कधी असतो. तो एका फ्रेंच संस्थेचा आहे. युरोपीय पेटंट करारात ‘निव्वळ संगणक प्रोग्रॅम’ पेटंटमधून वगळलेले आहेत. अमेरिकेत याबाबतीत हात बराच सैल. त्यामुळे अमेरिकन कंपनीच्या छत्राखालच्या फेडोरा या लिनक्सला एमपीथ्री गाणी वाजवायची सोय पेटंटच्या भीतीनं २०१६ च्या अखेरीपर्यंत स्वतःहून देता आली नाही, आणि व्हीएलसी मात्र ती कित्येक वर्षं बिनधास्त वाजवत होता. पडद्यावर प्रोग्रॅम चालत नाही म्हणून वैतागलेल्या वापरकर्त्याच्या डोक्यात नोंदणीचा देश येणार तरी कसा!

दुसरं उदाहरण ओपनस्ट्रीटमॅपचं, म्हणजे लोकांनी मिळून काढलेल्या जगाच्या नकाशाचं. त्यामागची संस्था २००६ मध्ये ब्रिटनमध्ये नोंदली गेली. युरोपीय संघात माहितीच्या संग्रहावर, म्हणजे डेटाबेसवर, १९९६ पासून एक खास हक्क आहे. अमेरिकेत असा हक्क नाही. नकाशा हा मुळात मोठा डेटाबेसच. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश संस्थांनी नव्यानं केलेल्या संग्रहांना संघात हे संरक्षण मिळेनासं झालं. या संस्थेत देश बदलण्याची चर्चा सुरू झाली त्याचं हे एक कारण. तिनं काहीच चूक केली नव्हती. झेंड्याचा अर्थच मध्येच बदलला.

एखाद्या करमुक्त बेटावर नोंदणी केली तर?

जहाजवाले हे करतात. सोयीचा झेंडा लावतात आणि कर वाचवतात. पण ना-नफा संस्थेकडे वाचवण्याजोगा कर फारसा नसतोच. वर देणगीदार बिचकतात, आणि बँका अशा पत्त्यावरची संस्था दिसली की शंभर कागद मागतात.

नियम चुकवायला म्हणून जाल, तर बंदराची गोष्ट आठवा. युरोपीय संघाचा खासगी माहितीचा कायदा संस्था कुठली हे पाहत नाही, माहिती कोणाची हे पाहतो. डिजिटल वस्तूंच्या सुरक्षिततेचा नवा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये तिथे अमलात आला, त्याच्या मुख्य जबाबदाऱ्या डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. त्यात ओपन सोर्सची निगा राखणाऱ्या संस्थांसाठी वेगळा, हलका वर्ग केला आहे. तोही सॉफ्टवेअर त्या बाजारात येतं का हे बघतो.

सभासद हवेत की विश्वस्त?

देशाबरोबर संस्थेचा साचाही निवडला जातो. जर्मनीत नोंदणीकृत मंडळाला सुरुवातीला किमान सात सभासद लागतात. फ्रान्समध्ये १९०१ च्या कायद्याखाली दोघांत भागतं. नेदरलँड्सचा ‘स्टिख्टिंग’ हा साचा असा, की त्यात सभासद नसतातच, फक्त विश्वस्त. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रं काढायच्या प्रोग्रॅममागची ब्लेंडर फाउंडेशन २००२ मध्ये या साच्यात उभी राहिली आणि तिनं लोकवर्गणीतून एक लाख युरो जमवून प्रोग्रॅमचा कोड सोडवून आणला.

सभासद असले की बहुमतानं सूत्रं बदलता येतात. हे चांगलं की वाईट, ते कोणाला विचारता यावर अवलंबून! लिब्रेऑफिस या कार्यालयीन कामाच्या खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी उलटा विचार केला. एका कंपनीच्या मालकीचा जाच नुकताच सोसला होता, म्हणून त्यांनी बर्लिनमध्ये सहजासहजी न मोडणारा, भांडवलावर उभा राहणारा जर्मन प्रतिष्ठानाचा साचा घेतला. त्यासाठीचे ५० हजार युरो फेब्रुवारी २०११ मध्ये वापरकर्त्यांनी आठवडाभरात जमवून दिले. नोंदणीचा शिक्का मात्र फेब्रुवारी २०१२ मध्ये बसला.

नाही जमलं तर नंतर हलवू की!

कुटुंब घर बदलतं तशी संस्था बदलत नाही. बहुतेक वेळा नव्या देशात नवी संस्था काढून जुनीतलं एकेक तिथे न्यावं लागतं: ट्रेडमार्क, करार, पत्ते, पगारी माणसं, शिल्लक. करसवलत घेतलेल्या संस्थेला आपली मालमत्ता कोणालाही देता येत नाही, घेणाराही त्याच प्रकारचा लागतो. एक्लिप्सकडे पैसा आणि वकील दोन्ही होते, तरी घोषणेपासून ब्रुसेल्सची संस्था उभी राहायला जानेवारी २०२१ उजाडला.

म्हणूनच लहान प्रकल्पाला मी आधी नोंदणी करूच नका म्हणेन. दुसऱ्या संस्थेच्या छत्राखाली जाता येतं. ती खातं सांभाळते, पावत्या देते, थोडा हिस्सा कापून घेते. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारासाठी १९९७ पासून न्यूयॉर्कमध्ये नोंदलेली एक संस्था हे करते आहे. २००६ पासून सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी आहे. धोका असा, की छत्र मिटलं तर भिजायला होतं: फेब्रुवारी २०२४ मध्ये ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन या अमेरिकन छत्रसंस्थेनं वर्षअखेर बंद होत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा तिच्या आधारानं चाललेल्या गटांना नवा आसरा शोधत फिरावं लागलं.

आणि स्वतःची नोंदणी करायचीच असेल, तर नकाशा बाजूला ठेवून आधी खजिनदार कोण ते ठरवा. दरवर्षी विवरणपत्र कोण भरणार, बँकेनं ओळख पटवायला बोलावलं की कोण जाणार, कर खात्याचं जर्मनमधलं किंवा फ्रेंचमधलं पत्र कोण वाचणार? तो माणूस ज्या देशात राहतो, तिथला कायदा अगदीच आडवा येत नसेल, तर तोच देश. त्याच बैठकीत घटनेतलं ते कलमही लिहून घ्या, संस्था बंद पडली तर शिल्लक कोणाकडे जाईल याचं. अमेरिका आणि जर्मनी दोन्हीकडे करसवलतीसाठी ते लागतंच, पण घाईघाईत कुठलं तरी नाव टाकून लोक मोकळे होतात. उद्या घर हलवायची वेळ आली, तर वकील सगळ्यात आधी तेच पान उघडतो.